आवाज नसलेला कॅमेरा

आमच्या घरी काही शब्दांना बंदी होती. शिव्यांना नव्हती. शिवी तोंडून गेली तर आई नुसते डोळे मोठे करायची. पण डब्यातलं मीठ 'संपलं' असं कुणी म्हटलं, की ती हातातलं काम टाकून बाहेर यायची. 'संपलं नाही म्हणायचं, आणायचंय म्हणायचं.' बाहेर निघताना 'जातो' म्हटलं तर फाटकापासून परत बोलवायची आणि 'येतो' म्हणवून घेऊनच सोडायची. तिच्या हातातली बांगडी कधी फुटली नाही, वाढवली गेली. देवापुढचा दिवा कधी विझला नाही, शांत झाला. भरल्या घरात अभद्र बोलू नये, एवढा एकच कायदा माधव नगरातल्या आमच्या त्या दोन खोल्यांत होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. मी आईच्या ह्या कायद्याची हुबेहूब नक्कल करायचो, पदर खोचण्यासकट, पण तीसुद्धा गल्लीच्या कोपऱ्यावर, मित्रांपुढे. घरात मीही 'येतो'च म्हणायचो.

नकला हा माझा धंदाच होता म्हणा ना. अभ्यासात मी जेमतेम, अकरावी कशीबशी पार केलेली, पण आमच्या शाळेतल्या एकूण एक सरांचा आवाज माझ्या गळ्यात होता. देवास गेट बस स्टँडवरचा कंडक्टर 'इंदौर इंदौर इंदौर, बैठते ही छूटेगी' असं ओरडून रिकामी बस अर्धा तास उभी ठेवायचा. तो मी इतका बरोबर काढायचो, की एकदा स्टँडवर उभ्या उभ्या ओरडलो आणि दोन बायका पिशव्या घेऊन माझ्यामागे धावत आल्या. भाजीवाला, शेजारचे तिवारी अंकल, त्यांचा कुत्रा, सगळे माझ्याकडे होते. आईच्या नकलेसारखीच आणखी एक नक्कल मी घरात कधी केली नाही, ती बाबांची. आणि खरं सांगायचं तर तीच माझी सगळ्यांत चांगली होती.

बाबा बँकेत खिडकीवर बसायचे आणि टोकन पुकारायचे. त्यांचा आवाज भरदार होता, पितळेच्या हंड्यात बोलल्यासारखा. 'टोकन नंबर पैंतालीस. पैंतालीस कौन है भई, घर से निकला कि नहीं?' बाहेर सायकल लावणारा माणूससुद्धा पळत आत यायचा. घरीही तीच पद्धत. पोहे तयार झाले की ताटावर बसून 'नंदू, टोकन नंबर एक' अशी माझी हाक यायची आणि आईला नुसतं 'मंगल' एवढंच, पण ते स्वयंपाकघरातली भांडी हलतील असं. मग बँकांमध्ये कॉम्प्युटर आले, वेळेआधी रिटायर व्हा अशी स्कीम आली, आणि बाबा घरी बसले. घरी बसले म्हणजे बसले नाहीत, जुना रोलवाला कॅमेरा गळ्यात अडकवून सकाळी नदीवर जायला लागले. पाणकावळे, खंड्या, बगळे. रोल धुऊन आला की अर्ध्या फोटोंत पक्षी उडून गेलेला आणि उरलेल्या अर्ध्यांत तो मोहरीएवढा. 'हा ठिपका बघ,' बाबा मोठ्या कौतुकाने दाखवायचे, 'हा खंड्या आहे.' आई म्हणायची, 'मला तर रोलवरची धूळ वाटते.'

त्याच हिवाळ्यात त्यांचा घसा बसला. आधी आम्हाला वाटलं नदीवरचा गारठा. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, फ्रीगंजच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. आवाजाला भेग पडली ती पडलीच, आणि मग घासही अडकायला लागला. आमच्याकडे जेवण शेवेशिवाय होत नाही. पोह्यांवर शेव, वरणभातावर शेव, काही नसलं तर दह्यात शेव. बाबांसाठी आई आता ती दुधात भिजवून पार मऊ करून द्यायची. 'ही शेव नाही मंगल,' बाबा त्या चिरक्या आवाजात म्हणाले, 'हा शेवेचा आत्मा आहे.' आई ताडकन उठून आत गेली. आत्मा हा शब्दही त्या दिवसापासून यादीत गेला.

इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, पण आवाज राहणार नाही. हे त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून, शांतपणे सांगितलं. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कधीच उच्चारलं गेलं नाही, आणि आवाज जाणार हे तर त्याहून नाही. आई फक्त म्हणायची, 'ते इंदूरचं झालं की.' बाबा म्हणायचे, 'इंदूरच्या आधी एक चांगला कॅमेरा घेऊ. रोलची कटकट नको. डिजिटल.' सगळेच इंदूर इंदूर करत होते, माझ्या कंडक्टरसारखे. त्याची नक्कल मी त्या महिन्यात बंद केली.

कॅमेऱ्याचा शोध मी मात्र जोरात लावला. घरात त्याच एका विषयावर मोकळं बोलता येत होतं. टावर चौकाजवळच्या सायबर कॅफेत बसून मी मेगापिक्सेल म्हणजे काय ते वाचून यायचो आणि जेवताना बाबांना सांगायचो. ऑप्टिकल झूम खरा, डिजिटल झूम म्हणजे नुसतं फोटो ताणणं. पेन्सिल सेलवाला घ्यावा की चार्जिंगवाला. कार्ड वेगळं घ्यावं लागतं. बाबा एखाद्या परीक्षेला बसल्यासारखे ऐकायचे आणि आपल्या ऐपतीत दोनच कॅमेरे बसतात ह्या निकालाला आम्ही दोघं आलो. एक काळा, जरा बोजड, लांबचं जवळ आणणारा, डोळा लावून बघायची खिडकी असलेला. दुसरा चंदेरी, खिशात मावणारा, झूम नावाला. दोघांतही थोडा वेळ चालणारं चलचित्र निघायचं. फरक एवढाच, की काळ्यात ते मुकं निघायचं आणि चंदेरीत आवाजासकट.

हे मी सहज बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. ती कणीक मळत होती आणि कणकेकडेच बघत बोलली.

'नंदू, तो आवाजवाला घ्यायला लाव त्यांना.'

'तूच सांग ना सरळ.'

'सरळ कसं सांगू? का म्हणून सांगू?'

कारण सांगायचं म्हणजे ते वाक्य बोलावं लागणार, आणि ते वाक्य त्या घरात बोलायची सोयच नव्हती. 'तुमचा आवाज इंदूरच्या आधी भरून ठेवू या,' एवढंच तर म्हणायचं होतं. आज वाटतं किती साधं. पण आजही आई बाजूच्या खोलीत असेल तर मला ते मोठ्याने म्हणता येणार नाही.

'काहीतरी दुसरं सांग,' आई म्हणाली. 'रंग चांगला आहे म्हण. हलका आहे म्हण. तुला तर हजार गोष्टी सुचतात.'

टावर चौकातल्या किशोरभाईंच्या दुकानात आम्ही दोघं संध्याकाळी गेलो. किशोरभाई म्हणजे लग्नाचे फोटो काढता काढता कॅमेरे विकायला लागलेला माणूस, बोलण्यात साखर. त्यांनी दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले. मी लगेच सुरू झालो. चंदेरी किती हलका आहे. काळ्याने मान दुखेल. बाबा म्हणाले, 'तीस वर्षं मान खाली घालून बसलो, आता थोडी दुखली तर काय होतं.' मी म्हटलं, चंदेरीचा रंग पक्ष्यांना भडक वाटत नाही. हे मी कुठून काढलं मलाच माहीत नाही. किशोरभाई हसले. 'भिया, चिड़िया को रंग से क्या लेना-देना. सर को पंछी खींचना है तो काला लो, मैं झूठ नहीं बोलूँगा।' धंदेवाल्याने खरं नेमकं तेव्हाच बोलायचं होतं.

मी म्हटलं, 'अंकल, वो आवाज वाला दिखाओ ना।' किशोरभाई खुश झाले. त्यांनी चंदेरी बाबांच्या तोंडासमोर धरला. 'बोलो सर, कुछ भी बोलो।'

बाबांनी माझ्याकडे बघितलं. अगदी एक क्षण. मग ते म्हणाले, 'क्या बोलूँ भई। टोकन नंबर पैंतालीस।'

किशोरभाईंनी बटण दाबलं आणि त्या एवढ्याशा डबीतून आवाज आला. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मधेच हवा गेलेला, 'पैंतालीस'चा शेवट गिळलेला. आम्ही रोज तो ऐकत होतो, पण रोज ऐकताना मध्ये बाबांचा चेहरा असायचा, हात हलायचे, डोळे हसायचे. तिथे नुसता आवाज होता. बाबा काचेवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले. दुकानात मागे कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी केस विंचरत होतं, त्याचाही हात थांबला असं मला वाटलं.

'स्पीकर छोटा है सर,' किशोरभाई घाईने म्हणाले, 'इसलिए ऐसा आता है।'

'नहीं,' बाबा म्हणाले, 'स्पीकर अच्छा है।' आणि त्यांनी काळा कॅमेरा उचलला.

घरी आल्यावर बाबांनी आईसमोर खोका उघडला. रंग बघूनच तिला कळलं असणार, पण तिने विचारलं, 'ह्याच्यात आवाज येतो ना?'

'नाही,' बाबा म्हणाले. 'ह्याच्यात पक्षी जवळ येतात.'

आई आत गेली. कुकरची शिट्टी होऊन गेली तरी तिने गॅस बंद केला नाही. वरणाचा जळका वास घरभर झाला आणि त्या रात्री आम्ही तिघांनीही ते वरण चांगलं झालंय असं म्हणून खाल्लं.

इंदूरला निघायच्या आदल्या रविवारी बाबा सकाळी मला गच्चीवर घेऊन गेले. कॅमेरा शिकायचाय म्हणाले. खालची सत्ता आईची, गच्ची मोकळी. तिथे पापड, गहू आणि तिवारी अंकलांचे बनियन सोडले तर कुणाचा कायदा नव्हता. ते समोरच्या टाकीवरच्या पारव्यावर झूम लावत राहिले आणि डोळा न काढता म्हणाले, 'सगळ्या गावाच्या नकला करतोस. माझी कशी करत नाहीस?'

'तुमची कशाला करू.'

'करतोस. देवास गेटचा पानवाला मला सांगतो. म्हणतो, खुद्द माझ्यापेक्षा भारी करतोस.' मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला. 'नंदू, ऑपरेशननंतर मला बोलता येणार नाही.'

एवढं सरळ. इतके दिवस आम्ही ज्या वाक्याच्या कडेकडेने चालत होतो, ते त्यांनी गव्हाच्या चादरीशेजारी उभं राहून बोलून टाकलं.

'माईचा फोन येतो दर रविवारी,' ते म्हणाले. माईआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, जबलपूरला असायच्या. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना त्यांनीच वाढवलं. त्यांचं हृदय इतकं नाजूक झालं होतं, की त्यांना दूध उतू गेलेलंसुद्धा सांभाळून सांगावं लागायचं. 'तिला सर्दी झालीय म्हणून सांगितलंय. तिला हे कळता कामा नये. फोनवर तू बोलायचंस. माझ्या आवाजात. मी बाजूला बसेन.'

'मला नाही जमणार बाबा.'

'जमतं की नाही ते मी ठरवेन. कर.'

मी टाकीकडे तोंड केलं. त्यांच्याकडे बघून मला ते करता आलं नसतं. घसा खाकरला आणि छातीतून काढलं, 'टोकन नंबर पैंतालीस। पैंतालीस कौन है भई।' पारवा उडाला. मी वळून बघितलं तर बाबा गच्चीच्या कठड्याला टेकून उभे होते, कॅमेरा पोटाशी धरून.

'परत,' ते म्हणाले.

मी परत केलं. ते शिकवायला लागले, त्या फाटक्या आवाजात, श्वास घेत घेत. माईशी बोलताना मी आधी 'हं' म्हणतो. ती जेवलास का विचारते, तेव्हा 'पोट फुटेस्तोवर' म्हणायचं. घाई करू नकोस, माझा शब्द जरा खाली बसून उठतो. 'आता मंगलला हाक मार बघू.'

मी मारली. 'मंगल.' भांडी हलतील अशी.

जिन्यात पावलं वाजली. आई धावत आली, हात पिठाचे, केसांची पिन सुटलेली. गच्चीच्या दारात ती थांबली. तिचा चेहरा मी काय सांगू. इतका उजळलेला मी तो नंतर कधी पाहिला नाही. तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, माझं तोंड अजून अर्धवट उघडं होतं. हळूहळू तिला कळलं. तिने पदराने हात पुसले, नीट, एकेक बोट.

'पोहे झालेत,' ती म्हणाली. 'गार होतील.' आणि खाली गेली.

इंदूरचं झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. दवाखान्याच्या जिन्यातला फिनाईलचा वास आणि आईने नर्सबाईंना सारखं 'सब अच्छा है ना' विचारणं. बाबा घरी आले तेव्हा गळ्यातल्या छिद्रावर मलमलीचा छोटा पांढरा पडदा होता आणि त्यामागून श्वास ये-जा करायचा. आई हवी असली की ते वाटीवर चमचा वाजवायचे. आई तेव्हाही 'आले' म्हणूनच उत्तर द्यायची, जशी हाक मारल्यावर द्यायची.

रविवारी फोन वाजला. बाहेरगावच्या फोनची रिंग तेव्हा लांब वाजायची. आई मान हलवत म्हणाली, 'नको रे, जित्याजागत्या माणसाचा आवाज असा दुसऱ्याने...' आणि पुढचा शब्द तिच्याच कायद्यात बसेना, म्हणून थांबली. बाबांनी रिसीव्हर उचलला आणि माझ्या हातात दिला.

'हं माई, बोल,' मी म्हणालो.

पलीकडे नुसती लाइनची खरखर. मला वाटलं, पकडलो गेलो. मग माईआत्यांचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून त्या ओरडूनच बोलायच्या, रिसीव्हरबाहेर सगळ्या खोलीला ऐकू जायचं.

'बाळू? अरे काय आवाज सुटलाय तुझा. किती दिवसांनी ऐकला असा. मागच्या महिन्यात घसा ऐकून मला रात्र रात्र झोप नव्हती रे. कुणाला सांगितलं नाही, पण मनात भलतंसलतं यायचं. आता बरा झालास ना अगदी?'

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसलो होतो. नक्कल करायची होती ती सर्दी झालेल्या, भेग पडलेल्या बाबांची, जो आवाज माईआत्यांनी शेवटचा ऐकला होता. मी काढला तो खिडकीवरच्या बाबांचा. मला दुसरा येतच नव्हता. आजारातला आवाज मी रोज ऐकला, पण माझ्या गळ्याने तो कधी घेतलाच नाही. आणि गच्चीवर बाबांनीही मला एकदासुद्धा थांबवून सांगितलं नव्हतं, की हा आता माझा आवाज नाही.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ते रडतील, पण ते शेल्फकडे वळले आणि काळा कॅमेरा काढला. डोळा लावला आणि हाताने मला खूण केली: बोल, बोलत राहा.

'बरा झालो माई,' मी म्हणालो. 'एकदम ठणठणीत.'

'जेवलास का?'

'पोट फुटेस्तोवर.'

माईआत्या हसल्या. 'मंगलला दे जरा.'

मी रिसीव्हर पुढे केला. आई तो घेईल असं मला वाटलं नव्हतं. तिने घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाली, 'हो माई. अगदी मोकळा झालाय आवाज. तुमचा आशीर्वाद.' तिच्या तोंडी ते खोटं वाटलंच नाही. आयुष्यभर ती असंच बोलत आली होती.

दर रविवारी मी बोललो, माईआत्या होत्या तोवर. त्यांच्यानंतर तो आवाज मी पुन्हा काढला नाही. बाबा त्यांच्यानंतर बरीच वर्षं होते, भरपूर पक्षी जवळ आणले त्यांनी, त्यातला एक खंड्या आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. आता माझ्याच कानांजवळचे केस पिकलेत. लग्नाकार्यात लोक अजून म्हणतात, नंदू कंडक्टर काढ, तिवारी काढ. काढतो. ती एक नक्कल कुणी मागत नाही, मागितली तरी मी करणार नाही.

बाबांनी त्या रविवारी काढलेलं चलचित्र मात्र आहे. सीडीवरून कॉम्प्युटरवर, तिथून फोनवर असं ते माझ्याबरोबर फिरत आलंय. चित्र धूसर आहे. एक काटकुळा मुलगा रिसीव्हर धरून उभा आहे आणि त्याचे ओठ हलतायत. शेवटी कडेला आईचा हात येतो. आवाज नाही. तो असता, तर मी कितपत बाबा होतो आणि कितपत त्यांची नक्कल, हे आता ऐकून कळलं असतं. मला ते कळायला नको आहे.

आईला मी ते दिवाळीत दाखवतो. ती चष्मा लावून बघते, मधेच फोन कानाजवळ नेते. मी सांगत नाही की ह्यात आवाज नाही. ह्या वर्षी तिने ते दोनदा लावायला सांगितलं, मुलाच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'बघ नंदू, ह्यांचा आवाज किती मोकळा होता.'